बाबांची यादी, आईचे शेरे

बाबांना शेअर बाजाराचा नाद लागला तो डॉक्टरांमुळे. अर्थात डॉक्टरांना त्याची काही कल्पना नव्हती. बाबांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट घालून त्यांनी बाबांना घरी पाठवलं आणि निघताना सांगितलं, की रोज सकाळी अर्धा तास चाला, तेलकट कमी करा आणि कशात तरी मन गुंतवा. तेलकट आईने कमी केलं. चालणं बाबांनी उद्यावर टाकलं. राहिलं मन गुंतवणं. त्यातला ‘गुंतवणं’ एवढा शब्द मात्र त्यांनी फारच मनावर घेतला.

बाबा म्हणजे एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्मभर यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढलेला माणूस. रेघ म्हटली की त्यांची मान आपोआप पुढे येते. हॉस्पिटलमधून आल्यावर सोफ्यावर पडून ते चॅनेल बदलत होते, तेव्हा शेअर बाजाराच्या एका चॅनेलवर त्यांना कुठल्याशा कंपनीच्या भावाचा आलेख दिसला. वर चढणारी, घसरणारी, मध्येच अडखळणारी रेघ. चॅनेलवरच्या टायवाल्या तरुणाने त्या रेघेखाली आणखी एक तिरकी रेघ ओढली आणि सांगितलं, “इथे शेअरला आधार मिळतोय.”

बाबा उठून बसले. “कोन चुकलाय याचा,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून टीव्ही बंद म्हणून झाला नाही.

आईबाबा विश्रांतवाडीला राहतात आणि मी वारज्याला. दोन्ही पुण्यातच, असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात त्यांच्याकडे जायचं म्हणजे मी पाण्याची बाटली आणि चार बिस्किटं बरोबर घेते. त्यामुळे आमचा बहुतेक व्यवहार फोनवर. एका दुपारी आईचा फोन आला. आई शाळेत गणिताची शिक्षिका होती, आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तिचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असाच आहे.

“तू कॉम्प्युटरवाली ना?” तिने विचारलं.

“हो.”

“मग ये आणि यांचं काहीतरी कर.”

“का? बरं नाही का वाटत त्यांना?”

“उत्तम वाटतंय. सकाळी बाजार उघडला की सोफ्यावर बसतात आणि बंद झाला की उठतात. माझ्या वर्गातली पोरं निदान मधल्या सुट्टीत तरी उठायची.”

रविवारी मी गेले. बाजार बंद असल्यामुळे टीव्हीला विश्रांती होती, पण बाबांना नव्हती. जेवणाच्या टेबलावर आलेख कागदांचा गठ्ठा, सेट स्क्वेअर, टोक केलेल्या पेन्सिली. पेपरात आणि टीव्हीवर बघून बघून त्यांनी पुष्कळ कंपन्यांचे आलेख हाताने काढले होते, आणि काय सुरेख काढले होते! प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात, ड्रॉइंग ऑफिसातल्या सवयीप्रमाणे, आपली सहीसुद्धा ठोकली होती.

“पैसे लावले नाहीत ना कुठे?” मी हळूच विचारलं.

“छे!” बाबा म्हणाले. “तुझ्या आईची अट आहे. एक रुपयाही लावायचा नाही. आणि मला तरी कुठे लावायचाय?”

हे खरंच होतं. बाबांना श्रीमंत व्हायचं नव्हतं. त्यांना फक्त संध्याकाळी ‘बघ, मी म्हटलं होतं ना’ एवढंच म्हणायला मिळायला हवं होतं, आणि ते फुकटात मिळत होतं.

“एवढ्या सगळ्यांवर लक्ष ठेवता ठेवता मान मोडते गं,” ते म्हणाले. “तुझं मशीन सांगू शकेल का, की आज यातला सगळ्यात चांगला कुठला चाललाय?”

मला तिथेच उपाय सापडला. दिवसभर चॅनेल बघण्याऐवजी बाजार बंद झाल्यावर रोज एकदा, एकच यादी हातात आली, तर टीव्ही गप्प बसेल आणि आईही. मी म्हटलं, “क्रमवारी लावून देईन. पहिला, दुसरा, तिसरा. पण एका अटीवर. टीव्ही बंद.”

बाबांनी जरा विचार केला. “आवाज बंद केला तर?”

“टीव्ही.”

“बरं.”

पुढचे काही शनिवार-रविवार मी ते बनवण्यात घालवले. माझ्या नोकरीत मी परदेशातल्या लोकांसाठी जी सॉफ्टवेअरं लिहिते ती कोण वापरतं, कशासाठी वापरतं, हे मला आजवर नीटसं कळलेलं नाही. इथे गिऱ्हाईक समोर बसून शेंगदाणे खात होतं. (तेलकट नाहीत, भाजलेले.) त्यामुळे काम करायला विलक्षण हुरूप आला.

टेक्निकल ॲनालिसिस नावाची जी विद्या आहे तिचं सार मी आधी आईला समजावून सांगितलं, कारण तिला सांगितल्याशिवाय त्या घरात काही सुरू होत नाही. म्हटलं, “हे बघ, कंपनी साबण करते का सिमेंट, तिला नफा होतो का तोटा, हे काही बघायचं नाही. फक्त तिच्या शेअरचा भाव कसा वरखाली होतोय ते बघायचं आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधायचा.”

आई भाजी निवडता निवडता थांबली. “म्हणजे मुलगा काय शिकलाय, काय करतो, घरी कोण कोण असतं हे काही विचारायचं नाही. नुसता रस्त्याने चालताना बघायचा आणि मुलगी देऊन टाकायची.”

“मुलगी कुठे देतोय?” बाबा टेबलावरून म्हणाले. “आपण नुसतं खिडकीतून बघतोय.”

तर अशा खिडकीतून बघायच्या खुणा मी ठरवल्या. आजचा भाव गेल्या कित्येक दिवसांच्या सरासरीच्या वर आहे का? असेल तर गुण. जवळची सरासरी लांबच्या सरासरीला ओलांडून वर गेली का? आणखी गुण. खरेदी-विक्री, म्हणजे उलाढाल, रोजच्यापेक्षा वाढली आहे का? आणखी थोडे. भाव इतका भराभर चढलाय का की आता दमेल? मग गुण कापायचे. सगळ्यांची बेरीज करायची, मोठ्यापासून लहानापर्यंत लावायची, झाली यादी. शंभर कंपन्यांचे त्या दिवसाचे आकडे घेऊन हे सगळं करायला कॉम्प्युटरला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ लागत होता. बाबांना तेवढं एक आवडलं नाही. इतक्या लवकर केलेलं काम नीट तपासलेलं नसतं, असं त्यांचं ठाम मत.

पहिली यादी संध्याकाळी त्यांच्या फोनवर पोचली आणि लगेच माझा फोन वाजला.

“का?” बाबांनी विचारलं.

“काय का?”

“हा पहिला का आलाय?”

मी गुण कसे मिळाले ते सांगितलं.

“मग तसं लिहून यायला हवं. नुसतं ‘पहिला’ म्हणून मोकळं व्हायला तुझं मशीन काय परीक्षा मंडळ आहे?”

म्हणून मी प्रत्येक नावापुढे कारणांचा रकाना घातला. मग बाबांनी सांगितलं की अक्षर बारीक आहे. मग मी घरून जुना प्रिंटर नेऊन त्यांच्याकडे ठेवला. मग यादी रोज कागदावर यायला लागली आणि टीव्ही खरोखरच बंद झाला. आईने मला फोन करून सांगितलं की घरात पंख्याचा आवाज ऐकू येतोय, किती दिवसांनी.

चालणं मात्र सुरू झालं नाही. सकाळी कालची यादी तपासायची असायची. दुपारी आजच्या यादीची वाट बघायची असायची. आई बूट काढून दारात ठेवायची, बाबा ते बघून म्हणायचे, “आज बाजार जरा नाजूक आहे.”

यादीची बातमी लवकरच खालच्या मजल्यावर गेली. तिथे एक काका राहतात, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. सोसायटीत कोणी काय करावं याबद्दल त्यांना नेहमी काही ना काही सुचत असतं आणि ते सांगायला त्यांना विचारावं लागत नाही. एका रविवारी मी तिथे असतानाच ते वर आले, खुर्चीत बसले, यादी हातात घेतली आणि लांब धरून वाचली.

“अहो, या यादीमुळे श्रीमंत झालेला एक माणूस दाखवा,” ते म्हणाले, “मग मी चष्मा काढतो.”

“चष्मा राहू द्या खिशातच,” बाबा म्हणाले. “श्रीमंतांची यादी वेगळी मिळते.”

काकांनी तरीही चष्मा काढलाच. डोळे वरून खाली, खालून वर फिरले. “माझा कुठाय?” त्यांनी कुठल्याशा कंपनीचं नाव घेतलं. ते शेअर त्यांनी फार पूर्वी घेतले होते आणि त्याबद्दल बोलताना ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत.

“शेवटून बघायला लागा,” बाबांनी सुचवलं. “लवकर सापडेल.”

काका यादी टेबलावर ठेवून उठून गेले. मला वाटलं, झालं, आता हे महिनाभर बोलणार नाहीत. दुसऱ्या दिवशी यादी येण्याच्या वेळेला ते दारात हजर. “सहज आलो होतो,” म्हणाले. मग रोज सहज येऊ लागले.

आई या सगळ्यापासून लांब होती. तिच्या मते हा रिकामटेकड्यांचा उद्योग होता. पण आयुष्यभर गुणपत्रिका केलेल्या बाईच्या समोर रोज एक क्रमवारी येऊन पडते आणि ती तिच्याकडे बघत नाही, असं किती दिवस चालणार? एकदा चहाचे कप ठेवताना तिने वाकून बघितलं.

“हा पहिला आलेला. मागच्या आठवड्यात कितवा होता?”

बाबांनी जुना कागद शोधला. “शेवटच्या दहात.”

“आणि तुम्ही त्याला डोक्यावर घेऊन नाचताय? कॉपी केली असणार त्याने.”

दुसऱ्या दिवशी यादी टेबलावर होती आणि तिच्यावर लाल पेनने शेरे पडले होते. पहिल्या नंबरापुढे ‘चंचल’. चौथ्यापुढे ‘अभ्यासू, पण बोलत नाही’. सातव्यापुढे ‘संगतीने वर आला आहे’; त्या आठवड्यात त्याच धंद्यातल्या सगळ्याच कंपन्या वर गेल्या होत्या. आणि काकांच्या लाडक्या कंपनीपुढे, पार तळाला, ‘पालकांनी येऊन भेटावे’.

काकांनी तो शेरा वाचला. “पालक इथेच बसलाय,” ते म्हणाले. “बोला.”

मला ते सगळं फार आवडलं. मी आईला म्हटलं, “हे शेरे मशीनला शिकवते. पण मला नक्की सांग, चंचल म्हणजे केव्हा?”

“चंचल म्हणजे चंचल. दिसतंच की.”

“मशीनला दिसत नाही. त्याला नियम लागतो.”

तिने विचार केला. गणिताची बाई आहे, नियम म्हटल्यावर तिला मान द्यावाच लागला. “ज्याने एका आठवड्यात दोनदा तोंड फिरवलं, एकदा वर आणि एकदा खाली, आणि दोन्ही वेळा जोरात, तो चंचल.”

“आणि अभ्यासू?”

“रोज थोडं थोडं वर. कधी उडी नाही, कधी दांडी नाही.”

हे दोन्ही नियम लिहायला सोपे होते. मी ते लिहिले आणि शेरे यादीतच छापून यायला लागले. एवढ्यावर आई थांबेल असं मला वाटलं होतं. पण तिने पुढची मागणी केली: नुसते शेरे नकोत, चंचल असेल तर गुण कमी व्हायला हवेत आणि अभ्यासू असेल तर वाढायला हवेत. आणि दुसरं म्हणजे, ज्यांना निम्मेही गुण नाहीत त्यांची नावं यादीत येताच कामा नयेत. “नापासांना नंबर देत नाहीत,” ती म्हणाली.

नापासांची गोष्ट बाबांना पटली. चंचलाची मुळीच पटली नाही. त्यांचा सगळा जीव उलाढालीवर. “इतके लोक एका शेअरच्या मागे धावतायत म्हणजे तिथे काहीतरी असणारच ना!”

“गर्दी बघून कधी हॉटेलात शिरलात का तुम्ही?” आईने विचारलं.

“नेहमीच शिरतो.”

हे खरं होतं, त्यामुळे आई उठून कप गोळा करायला लागली. शेवटी मी दोन याद्या करून दिल्या. एक बाबांची, उलाढालीला जास्त मान देणारी. एक आईची, सातत्याला. एकाच कागदावर शेजारी शेजारी छापून यायच्या, आणि मधली रेघ जरा जाड ठेव असं दोघांनीही सांगितलं होतं.

आता दोन याद्या झाल्यावर शर्यत लागणारच. सहा आठवडे चालवायची, प्रत्येक यादीतले सोमवारचे पहिले दहा घ्यायचे, शुक्रवारपर्यंत कुणाचे जास्त चढतात ते बघायचं. काका पंच. त्यांनी ते पद फारसे आढेवेढे न घेता स्वीकारलं. पैजेची अट आईने घातली: बाबा हरले तर रोज सकाळी तिच्याबरोबर चालायला यायचं, कुठलीही सबब न सांगता. बाबांनीही आपली अट घातली: आई हरली तर तिने एक दिवस बाजार उघडल्यापासून बंद होईपर्यंत त्यांच्याबरोबर ते चॅनेल बघायचं. दोघांनाही समोरच्याची शिक्षा फार कडक आहे असं वाटत होतं, त्यामुळे करार झाला.

शर्यत सुरू असतानाच बाबांची तपासणी होती. मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, “काय, चालणं सुरू आहे ना?”

“चाललंय की,” बाबा म्हणाले.

हे उत्तर इतकं चोख होतं की मी हसू दाबत भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत राहिले. सगळे रिपोर्ट छान होते. डॉक्टर म्हणाले, जिने चढा, फिरा, गावाला जा, काही हरकत नाही. परत येताना येरवड्याच्या पुलापाशी गाड्या तुंबल्या होत्या, तेव्हा मी विचारलं, “बाबा, खरं सांगा, का नाही जात चालायला?”

ते बराच वेळ पुढच्या रिक्षाच्या मागे लिहिलेलं वाचत होते. मग म्हणाले, “चालायला लागलं की धडधडतं. सगळ्यांचंच धडधडत असणार. पण आता मला कळत नाही गं, की ते चालण्यामुळे आहे का दुसऱ्या कशामुळे. घरी बसलं की तो प्रश्नच येत नाही.”

“आईला सांगितलंत?”

“तिला काय सांगायचं? ती लगेच नियम विचारेल.”

 इतकी वर्षं बाबा मला कशालाच घाबरलेले दिसले नव्हते. पालीलासुद्धा नाही, आणि आमच्याकडे पालीला सगळे घाबरतात. गाड्या पुढे सरकल्या, मागच्याने हॉर्न वाजवला आणि बाबा लगेच त्याच्या हॉर्नच्या दर्जाबद्दल बोलायला लागले. आईला मी काहीही सांगितलं नाही. त्यांना सांगायचं असेल तेव्हा ते सांगतील, असं ठरवून टाकलं.

शर्यतीत सुरुवातीला बाबा पुढे होते. त्यांचे गर्दीतले शेअर उड्या मारत होते आणि आईचे अभ्यासू एकेक पायरी चढत होते. काका रोज निकाल वाचून दाखवत. निवडणुकीचे निकाल वाचावेत तसं नाव घेतल्यावर थांबून, सगळ्यांकडे एकदा बघून मग आकडा सांगत. आणि मग एके दिवशी बाजार पडला. दूर कुठेतरी कुणीतरी काहीतरी जाहीर केलं होतं. नेहमीप्रमाणे ते नक्की काय होतं हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आणखी पडला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांचा फोन आला.

“तुझं मशीन बिघडलं.”

“का? काय झालं?”

“कोरा कागद आलाय. वर तारीख आहे, मध्ये तुझी जाड रेघ आहे. बाकी काही नाही. दोन्हीकडे.”

मी इथून तपासलं. काही बिघडलं नव्हतं. शंभरातल्या एकाही कंपनीला निम्मे गुण नव्हते, आणि नापासांना नंबर द्यायचे नाहीत हा आईचाच नियम होता.

“बाबा, कोणीच पास झालं नाही.”

“असं कसं? कितीही झालं तरी कोणीतरी पहिला असतोच.”

मागून आईने फोन काढून घेतला. “असतं असं कधी कधी,” ती मला म्हणाली, पण मोठ्याने, म्हणजे त्यांना ऐकू जाईल असं. “सगळा वर्गच नापास झाला की बाईंनी पोरांवर ओरडायचं नसतं. सुट्टी द्यायची आणि सगळ्यांना मैदानावर सोडायचं.”

कोरे कागद येतच राहिले. आलेख काढायला बाबांचा हात उठेना. सगळ्या रेघा एकाच दिशेने जात होत्या, त्यात काही कौशल्य नव्हतं. काकाही यायचे थांबले. ते घरी आपल्या कंपनीचं दुःख करत बसले असावेत. रविवारी मी गेले तेव्हा बाबा सोफ्यावर नुसते बसले होते आणि आई पिशव्या काढत होती.

“मार्केट यार्डात जाऊन येऊ,” ती मला म्हणाली. “आंब्याच्या पेट्या उतरल्या असतील.”

“मीही येतो,” बाबा म्हणाले. आम्ही दोघींनी वळून बघितलं. “गाडीतच बसेन,” त्यांनी घाईघाईने सांगितलं. “इथे तरी काय करू?”

रविवारचं मार्केट यार्ड म्हणजे काय, हे तिथे गेलेल्याला सांगायला नको. गाडी लावायला जागा मिळाली ती इतकी लांब की तिथून आंबे दिसत नव्हते, नुसता वास येत होता. आम्ही काचा खाली करून बाबांना आत बसवलं आणि निघालो. जरा पुढे गेलो तर मागून त्यांचा आवाज. “गाडी तापलीय,” ते म्हणाले आणि आमच्याबरोबर चालायला लागले. एक हात शर्टाच्या खिशावर होता. आईने ते बघितलं आणि आपली चाल हळू केली. मला वाटतं तिला सगळं आधीपासूनच माहीत होतं.

फळांच्या गाळ्यांपाशी पोचलो. पेट्यांचे ढीग, गवत, ओरडाआरडा. बाबा एका पेटीवर वाकून आंब्यांच्या रांगा किती सरळ लावल्यात ते बघत होते. तेवढ्यात मागून एक हमाल हातगाडी घेऊन धावत आला. गाडीवर त्याच्या डोक्याच्या वर पेट्या. “ओ काका, सरका! सरका!”

आणि बाबांनी उडी मारली. साधी बाजूला होण्याची हालचाल नव्हे, चांगली दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेली उडी, थेट कलिंगडांच्या ढिगाच्या काठावर. हातगाडी वाऱ्यासारखी निघून गेली. आई जागच्या जागी थिजली. मी धावले.

बाबा छातीवर हात ठेवून उभे होते. श्वास जोरात चालला होता. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघतोय, कलिंगडवाला आपल्या कलिंगडांकडे बघतोय. बाबा काहीतरी ऐकत असल्यासारखे उभे राहिले. मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलला.

“धडधडतंय,” ते म्हणाले. “जोरात धडधडतंय. आणि थांबतंयही आपोआप. हे बघ, थांबलं.”

“बसा आधी,” आई म्हणाली.

“कशाला बसू? बघितलंस का कसा उडालो?” मग कलिंगडवाल्याला, “तुम्ही बघितलंत का?”

“बघितलं,” कलिंगडवाला म्हणाला. “दोन कलिंगडं फुटली तेही बघितलं.”

ती दोन कलिंगडं आम्ही घेतली. आंब्यांची पेटीही घेतली. बाबांनी पूर्ण बाजाराला एक फेरी मारली आणि परत जाताना गाडी कुठे लावली होती हे विसरल्यामुळे आणखी एक. घरी गेल्यावर आईने त्यांना पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ उगाचच आंबे पुसत राहिली.

त्यानंतर जितके दिवस कोरा कागद येत होता तितके दिवस सकाळी दोघं चालायला जात होते. म्हणजे जातायत असं मला काकांकडून कळलं. सोसायटीत कोण केव्हा बाहेर पडतं याची माहिती त्यांच्याइतकी मशीनलाही नसते. पुढे बाजार सावरला, यादीत एकेक नाव परत यायला लागलं, कोरे आठवडे काकांनी मोजणीतून वगळले आणि शर्यतीचा शेवटचा आठवडा आला. आई पुढे होती. पडत्या बाजारात तिच्या अभ्यासूंना कमी मार बसला होता. पण शेवटच्या शुक्रवारी बाबांच्या यादीतल्या एका महाचंचल कंपनीने अशी काही उसळी घेतली, की काकांनी निकाल वाचताना नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबून दाखवलं आणि बाबा जिंकल्याचं जाहीर केलं. अगदी थोडक्या फरकाने.

आईने सगळी बेरीज पुन्हा करून बघितली. बरोबर होती. “वशिला असणार त्याचा कुठेतरी,” एवढं म्हणून तिने हार मान्य केली आणि सोमवारी बाजार उघडायच्या वेळेला सोफ्यावर येऊन बसली, शिक्षा भोगायला. बाबा सांगतात, पहिला तास ती गप्प होती. मग एका निवेदकाने ‘शेअर तुटला’ म्हटलं. “तुटायला तो काय दोरा आहे?” आई म्हणाली. मग दुसऱ्याने टक्केवारी चुकीची काढली. आईने उठून पेन आणला. दुपारी बाबा वामकुक्षीला गेले तरी ती तिथेच होती, आणि बाजार बंद झाल्यावर तिने त्यांना उठवून सांगितलं की उद्या तो टायवाला पुन्हा येणार आहे, त्याने आज जे सांगितलंय ते खरं ठरतंय का बघायलाच हवं.

पण मला जास्त आवडते ती दुसऱ्या दिवशी सकाळची हकिगत. आई मला फोनवर सांगत होती. ती उठून बाहेर आली तर बाबा बूट घालून दारात उभे.

“चल,” म्हणाले.

“तुम्ही तर जिंकलात ना?” आईने विचारलं. “तुम्हाला कुठे यावं लागतंय?”

“जिंकलो म्हणूनच येतोय. हरलो असतो तर ती शिक्षा झाली असती.”

मशीन अजून चालू आहे. मध्यंतरी काकांनी मला गाठून विचारलं की त्यांच्या कंपनीसाठी वेगळा नियम करता येईल का, तिने फार सोसलंय. मी म्हटलं बघते. गेल्या रविवारी न कळवता विश्रांतवाडीला गेले, तर दाराला कुलूप. फोन लावला. बाबांनी उचलला, मागे रहदारी, आणि त्यापेक्षा मोठा आईचा आवाज. त्या टायवाल्याने सरासरी कशी काढायला हवी होती ते ती कुणाला तरी समजावून सांगत होती. बहुधा बाबांनाच.

“जिन्यात बस जरा,” बाबा धापा टाकत म्हणाले. “वेळ लागेल. आम्ही लांब आलोय.”